वीस तारीख नसलेली कामं

खर्डेघाशा | २१ जून २०२५, रात्री ११.४०

काल २० तारीख होती. जीएसटीत पोट भरणाऱ्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो: महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० ला ३बी (कर भरायचं विवरण). चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. माझे ठाण्यात चाळीसेक क्लायंट आहेत. त्यातले निम्मे १९ च्या संध्याकाळी बिलं पाठवतात, तीही व्हॉट्सॅपवर, टेबलावरच्या चहाच्या कपासकट फोटो काढून. तरी जुलै २०१७ पासून आजतागायत माझ्या हातून एकही ३बी चुकलेलं नाही. ताप असताना भरलंय, मेहुण्याच्या लग्नात हॉलच्या जिन्यावर बसून भरलंय.

आता याच माणसाची दुसरी बाजू.

गावी (गुहागर तालुका) माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आत पणजोबांच्या वेळचे कागद, चाळीसेक असतील, सगळे मोडी लिपीत. घरात कोणालाही वाचता येत नाहीत. मार्चएंडची गडबड असतानाही मी हौसेने दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला. बोरू आणला, शाई आणली, दोनशे पानी वही आणली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रोज रात्री तासभर कित्ता गिरवला. मग एक दिवस राहिला, मग दुसरा. आज वही उघडली तर 'घ'ची बाराखडी 'घे'वर येऊन थांबलीय, तारीख १४ एप्रिल. दौतीतल्या शाईचा डिंक झालाय.

आळशी म्हणावं तर तसंही नाही. चौदा-चौदा तास काम करतो. पण ज्या कामाला वीस तारीख नाही ते होत नाही. आणि हे फक्त छंदांपुरतं नाही बरं का. लोकांची विवरणं वेळेत भरणाऱ्या माझी स्वतःच्या फीची बिलं पाच महिने पाठवायची राहिलीत! बायको म्हणते, तू स्वतःचाच वाईट क्लायंट आहेस.

तर विचारायचंय असं की तुम्ही लोक हुरूप टिकवता कसा? कृपया व्हिडिओ पाठवू नका. सगळे पाहून झालेत.

---

चकलीचा_सोऱ्या | २१ जून, रात्री ११.५८

पहिला!

फीची बिलं पाच महिने? साहेब, माझं काम तुमच्याकडे देतो. :)

---

घाटचढ | २२ जून, सकाळी ७.१५

आत्ताच यवतेश्वरचा घाट उतरून आलोय, घाम पुसत टंकतोय, चुका पोटात घाला.

सहा वर्षं पळतोय. आमच्या साताऱ्यात हाफ मॅरेथॉन याच घाटातून होते, त्यामुळे पळणारे गल्लोगल्ली भेटतात. माझा स्वानुभव: सकाळी पाचला गजर होतो तेव्हा हुरूप कधीच नसतो. सहा वर्षांत एकदाही नव्हता. हुरूप येतो तो तिसऱ्या किलोमीटरला, अंग गरम झाल्यावर. तोपर्यंत मी फक्त शिव्या घालत असतो. म्हणजे तो आधी यावा म्हणून वाट बघत बसलो असतो तर अजून अंथरुणातच असतो.

मग उठतो कसा? आम्ही चौघं आहोत. साडेपाचला पोवई नाक्यावर भेटायचं. कोणी आलं नाही तर फोन करायचा नाही, सरळ त्याच्या घराखाली जाऊन हॉर्न वाजवायचा. एकदा माझ्या घराखाली वाजला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर आठवडाभर माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर आजतागायत दांडी नाही.

तुमचा हॉर्न वाजवणारं कोणी शोधा.

---

तिसरी_घंटा | २२ जून, सकाळी ९.०२

@घाटचढ, "हुरूप तिसऱ्या किलोमीटरला" याला +१.

मी तबला शिकले, म्हणजे अजून शिकतेय. आमचे गुरुजी जुन्या वळणाचे. तरुणपणी त्यांनी चिल्ला केला होता, चाळीस दिवस खोलीत कोंडून घेऊन रियाज. आम्ही नोकरी-संसारवाल्या बाया. आम्ही म्हटलं, गुरुजी, आम्हाला कसं जमणार? ते म्हणाले, "तुम्ही वाजवू नका. फक्त रोज गवसणी काढा, तबला पुढ्यात घ्या आणि बसा. दहा मिनिटं झाली की झाकून ठेवा."

पहिले दोन-तीन दिवस खरंच नुसती बसले. चौथ्या दिवशी हात आपोआप गेला. पुढ्यात तबला असताना हात मांडीवर ठेवून बसणं त्या 'तिरकिट'पेक्षा अवघड असतं, करून बघा.

तुमच्या बोरूचं माहीत नाही, पण शाईचा डिंक झाला तर सरळ पेन्सिल घ्या. आधी दौत धुवायची, मग शाई करायची, मग बोरू तासायचा, एवढ्या पायऱ्या असल्या तर रात्री दहा वाजता कोण चढणार?

---

कट्ट्यावरचा_जुना | २२ जून, दुपारी १.३०

पुण्यात पेठेत साडेपाच वर्षं काढली. राज्यसेवा परीक्षेची तयारी. दोनदा पूर्व पास, एकदा मुख्यपर्यंत मजल, बाकी भोपळा. आता गावाकडे बी-बियाणं, खतांचं दुकान आहे, बरं चाललंय. त्यामुळे कडवट होऊन लिहीत नाहीये, पण प्रेरणेच्या बाजाराबद्दल दोन शब्द लिहिणारच.

अभ्यासिकेत आमच्या डोक्यावर पोस्टर होतं, लाल दिव्याच्या गाडीचं. महिन्यातून एकदा कुठल्यातरी हॉलमध्ये नवीन लागलेल्या अधिकाऱ्याचं भाषण. तो सांगणार, बाप मजूर होता, मी एक वेळ जेवून दिवस काढले, तुम्हीपण करू शकता. अंगावर काटा यायचा, खोटं नाही सांगत. त्या रात्री दोनपर्यंत अभ्यास. दुसऱ्या रात्री बारापर्यंत. तिसऱ्या दिवशी आम्ही परत चहाच्या कट्ट्यावर, पुढचं भाषण कधी आहे ते विचारत. ते भाषण म्हणजे आमचा चहाच होता, कडक आणि तेवढ्यापुरता.

ज्या दोघातिघांचं झालं ते भाषणांना फारसे यायचे नाहीत. एक जण तर इतका नीरस होता की त्याच्याशी बोलायला कंटाळा यायचा. सकाळी आठला खुर्ची, एकला मेस, दोनला खुर्ची. मूड हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचा, चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवायचा, रविवारी फक्त ती वही. बस्स.

आणि एक बोलायला अवघड आहे ते. हुरूप टिकवणं ही प्रत्येक वेळी चांगली गोष्ट नसते. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय, मागास प्रवर्गाला ४३, म्हणजे दार फार वर्षं उघडं दिसतं. "हार मानायची नाही" म्हणत त्या दारात तिशी घालवलेली पोरं मी बघितलीत. मी थांबलो तेव्हा माझ्यातला हुरूप शिल्लक होता. थांबवलं ते बहिणीनं. तिनं कागदावर हिशोब मांडला, किती वर्षं, किती पैसे, आणि खाली लिहिलं, "दादा, तारीख टाक." मी तारीख टाकली आणि त्या दिवशी खोली सोडली.

म्हणून धागाकर्त्याला प्रश्न: तुम्हाला मोडी शिकायचीय की ते कागद वाचायचेत?

---

बिनसाखरेचा | २२ जून, दुपारी २.१०

हेच लिहायला आलो होतो. पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या की! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आलेत, शोधलं तर माणूस मिळेल. चाळीस कागद म्हणजे किती होणार? तुमच्या एका क्लायंटची थकलेली फी वसूल करा, त्यात भागेल. स्वतः विहीर खणत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

---

खर्डेघाशा | २२ जून, रात्री १०.४५

@कट्ट्यावरचा_जुना, दुपारपासून तुमचा प्रश्न डोक्यात घोळतोय. बहिणीचा तो कागद जपून ठेवलाय का हो?

@बिनसाखरेचा, खरंय, सरळ उत्तर तेच आहे. पण विचार केल्यावर लक्षात आलं की कागदांत काय आहे याची मला स्वतःला फारशी उत्सुकता नाही! असेल सारा, धारा, कोणाचं तरी देणं. उत्सुकता आत्याला आहे. ती ८४ वर्षांची, गावच्या घरी एकटी असते. तिच्या लहानपणापासून ती ट्रंक माळ्यावर आहे आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सांगून ठेवलंय की आपले पूर्वज सावकार होते, त्यात लोकांची कर्जखतं आहेत. मला मात्र ती अक्षरं आवडतात. लेखणी न उचलता एका लयीत लिहिलेली ओळ बघितली की वाटतं, आपल्याला हे यावं. म्हणजे मला शिकायचंय आणि तिला वाचायचंय. असा गोंधळ आहे.

---

मास्तरीण_बाई | २३ जून, सकाळी ११.२०

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडा तास घेते, सहन करा.

"२१ दिवसांत सवय लागते" हे ज्यांच्या मनात आहे त्यांनी काढून टाका. ते आलं मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणावरून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला *किमान* २१ दिवस लागतात, असं तो म्हणाला होता. पुढे 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली यच्चयावत कामं आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरोखर मोजून पाहिलं. ९६ लोक, १२ आठवडे, प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडायची, म्हणजे जेवणाबरोबर फळ खाणं, न्याहारीनंतर चालणं असं काहीतरी. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतील असा हिशोब निघाला. पण सरासरीपेक्षा पसारा बघा: कोणाला १८, कोणाला २५४. २५४ दिवस! म्हणजे तुमची शेजारीण महिन्यात सुधारली आणि तुम्ही आठ महिने झगडताय, तरी दोघीही ठीक आहात.

त्याच अभ्यासातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. खर्डेघाशांनी लिहिलंय, "मग एक दिवस राहिला, मग दुसरा." पहिला दिवस निरुपद्रवी होता हो. आपण मात्र त्या पहिल्या दिवसाचं सुतक पाळत बसतो आणि तेच लांबत जातं.

बक्षिसांबद्दलही एक सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. आवडीच्या कामाला मजुरी लावली की ते मजुरीचं होऊन बसतं. म्हणून मोबाईलवर रोजची टिकमार्क, साखळी, बिल्ले वगैरे लावून घेण्याआधी विचार करा, निदान जे काम तुम्हाला मुळात आवडतं त्याच्या बाबतीत तरी. फीची बिलं मुळात कोणालाच आवडत नाहीत. तिथे खुशाल स्वतःला आइस्क्रीम द्या.

---

बिनसाखरेचा | २३ जून, सकाळी ११.४१

माझं नाव वाचून मग आइस्क्रीम सुचवा. हलकेच घ्या.

बाई, घाटचढांचा हॉर्न म्हणजेही बाहेरचाच दट्ट्या ना? मग त्यांची पळण्याची आवड का नाही मेली?

---

मास्तरीण_बाई | २३ जून, दुपारी १२.१५

चांगला प्रश्न आहे. हॉर्न वाजवणारा मित्र तुम्हाला पळण्याचे पैसे देत नाही, तो तुमच्याबरोबर पळतो. मला वाटतं फरक तिथे असावा. पण हे माझं मत आहे, याच्या पाठीशी लंडन-बिंडन काही नाही.

---

श्टुटगार्टची_सून | २३ जून, संध्याकाळी ६.३०

माझी गंमत उलटी आहे. इथे जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) असलं की ए१ पातळीचं जर्मन येत असताना २७ महिन्यांनी कायमचं वास्तव्य मिळू शकतं, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिन्यांचं आमिष! मी ऑफिस सांभाळून, मुलीला झोपवून, डेर-डी-दास घोकून बी१ काढलं. कागद हातात आला त्या दिवशी पुस्तक बंद केलं, ते वर्षभर उघडलं नाही. म्हणजे तुमची 'वीस तारीख' मला मिळाली होती, पण तिच्यानंतरची एकवीस तारीख कोणी सांगितलीच नाही.

पुन्हा सुरू झालं ते खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे मला वाक्य दोनदा आणि नीट बोलावं लागतं. चुकलं की त्या हात वर करून थांबवतात, शाळेतल्या बाईंसारख्या. गुरुवारी संध्याकाळी केक असतो. मी केकसाठी जाते असं नवरा म्हणतो. असेलही.

---

अबोली_गजरा | २३ जून, रात्री ९.५०

धागा छान चाललाय, थोडा वेगळा सूर लावतेय.

मला वर्षभर कशातच हुरूप वाटत नव्हता. सकाळी उठताना अंगावर कोणीतरी गोणी टाकल्यासारखं. सगळ्यांनी सांगितलं, सकारात्मक राहा, लवकर उठ, व्यायाम कर. मीही स्वतःला आळशी म्हणून घेतलं. शेवटी जावेने ओढत डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ८.२ आणि थायरॉइड पार ढेपाळलेलं. गोळ्या सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत मी माझी मला परत सापडले. कुठलंही भाषण न ऐकता.

तर एखाद्याच गोष्टीचा कंटाळा असेल तर हा धागा वाचा. सगळ्याचाच कंटाळा आला असेल, आवडतं जेवण, आवडती माणसं, सगळंच नकोसं असेल, तर आधी रक्त तपासा. आणि रक्त ठीक असूनही तसंच वाटत असेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. सरकारची टेलि-मानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

---

घाटचढ | २३ जून, रात्री १०.०५

अबोलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या चौघांतला एक असाच गळाला होता आणि आम्ही मूर्खासारखे खाली हॉर्न वाजवत बसलो होतो.

---

बोरूबहाद्दर | २५ जून, रात्री ८.००

उशिरा आलो. मोडी कागद वाचतो, पंधराएक वर्षं झाली. मानसशास्त्र मला कळत नाही, पण खर्डेघाशांची गाडी कुठे अडली ते अचूक कळलंय, कारण बहुतेकांची तिथेच अडते.

तुम्ही बाराखडी पूर्ण करायला निघालात. सगळी बाराखडी आली की मग कागदाला हात लावायचा, असं ठरवून. वर्ग संपला की दहातले आठ जण असेच 'घ', 'च' पर्यंत जातात आणि विरतात. मोडीत काना-मात्रा लागली की अक्षर वळणासकट बदलतं, 'र' तर जागेप्रमाणे वेगवेगळी रूपं घेतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नाहीत. कित्त्यातलं देखणं अक्षर पाठ केलं तरी खरा कागद समोर आला की तोंडाला फेस येतोच. मग कशाला थांबायचं? कागद आजच उघडा.

आणि अक्षरांपासून सुरुवात करू नका, मायन्यापासून करा. कर्जरोखा, खरेदीखत, पावती, प्रत्येकाचा साचा ठरलेला असतो. आधी शक आणि तिथी, मग लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, मग "कारणे लिहून दिले ऐसे जे", मग रक्कम, मुदत, व्याज, शेवटी साक्षी. साचा तोंडपाठ असला की एक तृतीयांश कागद अंदाजानेच वाचता येतो आणि त्या वाचलेल्या शब्दांतून अक्षरं आपोआप ओळखीची होतात. शक दिसला की त्यात ७८ मिळवा, इसवी सन आला. एक फायदाही आहे मोडीत: ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, एकच वेलांटी, एकच उकार. आपल्यासारख्यांना वरदान!

तुमचे कागद पणजोबांच्या वेळचे म्हणजे इंग्रजी अमदानीतले, बहुधा टाकाने, म्हणजे निबाच्या लेखणीने लिहिलेले. पेशवेकालीन कारकुनाचं अक्षर वळणदार असतं, इथे जो तो आपल्या हाताने लिहितो. अवघड जाईल. रोज एक ओळ धरा, दोन नाहीत. अडलात तर शब्द इथे टाका.

---

खर्डेघाशा | २५ जून, रात्री ११.१५

बोरूबहाद्दर, साष्टांग नमस्कार. 'घ' वर का अडलो हे दोन महिन्यांत मला कळलं नव्हतं.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा ट्रंकेतल्या सहा कागदांचे फोटो काढून आणले होते. आज त्यातला एक मोठा करून बघितला. पहिल्याच ओळीत "शके" वाचता आलं!! पुढचे आकडे १८२१. म्हणजे १८९९. एवढ्यावर आज झोपतो.

---

चकलीचा_सोऱ्या | २६ जून, सकाळी ८.२०

आणि फीची बिलं?

---

तिसरी_घंटा | ११ ऑगस्ट २०२५, दुपारी ४.००

धागा वर काढतेय. खर्डेघाशा, जिवंत आहात ना? आज ११ तारीख, म्हणजे कामात असाल.

---

खर्डेघाशा | २१ ऑगस्ट २०२५, रात्री १२.३०

जिवंत आहे. काय काय झालं ते सांगतो, टंकाळा आलाय तरी.

जूनअखेरीस आत्याला सहज फोनवर म्हटलं की एका कागदावर १८९९ साल आहे. ती म्हणाली, "मग पुढे काय लिहिलंय?" म्हटलं, अजून वाचलं नाही, रोज एक ओळ वाचणार आहे. झालं! दुसऱ्या दिवशी रात्री बरोबर नऊला फोन. "वाचलंस का रे?" तेव्हापासून रोज नऊला. मी तिला ओळ वाचून दाखवतो, ती ऐकते, "हां" म्हणते आणि मग तासभर त्या वाडीतल्या लोकांबद्दल बोलते, त्यातले बहुतेक माझ्या जन्माआधी गेलेले. एकदा ओळ झाली नव्हती तेव्हा क्लायंटचं काम होतं असं सांगितलं. ती म्हणाली, "असूंदे, मी उद्यापर्यंत मरत नाही." आता हा हॉर्न घाटचढांच्या हॉर्नपेक्षा जोरात वाजतो की नाही सांगा!

पण दांड्या पडतात हेही खरं. जुलैत सलग नऊ दिवस काही झालं नाही. मास्तरीणबाईंचं वाक्य आठवून सुतक पाळलं नाही, दहाव्या दिवशी बसलो.

कालची गंमत ऐका. पावसामुळे मुंबई-ठाणे भागात या महिन्याच्या ३बी ची मुदत २० वरून २७ पर्यंत वाढवली. आदेश आला तोवर माझ्या एकतीस जणांचं काम होत आलं होतं. बातमी कळल्याबरोबर मी लॅपटॉप मिटला आणि भजी खायला गेलो! त्यानंतर एकही विवरण भरलं नाही. आठ वर्षं माझा समज होता की मी शिस्तीचा माणूस आहे. आणि २७ ला गणपती, २५ ला कोकणात निघायचंय, म्हणजे आता २४ च्या रात्री जागरण अटळ.

@चकलीचा_सोऱ्या, बिलं गेली. सगळी. बायको दर शनिवारी सकाळी चहा घेऊन समोर बसते आणि एक बिल गेल्याशिवाय कपावरची बशी काढत नाही.

---

कट्ट्यावरचा_जुना | २१ ऑगस्ट, सकाळी १०.१०

वहिनींना दुकानाच्या उधारीच्या वसुलीसाठी नेमायचंय. पगार बोलू.

बहिणीचा कागद विचारला होतात. आहे, गल्ल्यात ठेवलाय.

---

खर्डेघाशा | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.१५

गणपती आटोपून परत आलो. पहिला कागद सत्तेचाळीस ओळींचा होता, तो तिथेच आत्याच्या पुढ्यात संपवला. शेवटच्या सहा ओळी तिनं ओसरीवर बसून एका दमात वाचून घेतल्या, "एकच ओळ" हा नियम तिनंच मोडला. हातात खवणी, मोदकांचं खोबरं अर्धवट, आणि ती नुसती ऐकतेय.

तर तो कर्जरोखा आहे, रुपये साठ. पण लिहून घेणार शेजारच्या गावचे कोणी गृहस्थ आणि लिहून देणार आमचे पणजोबा! म्हणजे सावकार ते, कर्जदार आम्ही. मी दोनदा वाचून पाहिलं, वाटलं आपलंच चुकतंय. आत्या आधी गप्प झाली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाबांनी जन्मभर थाप मारली रे! आणि आम्ही त्या ट्रंकेला दसऱ्याला फुलं वाहायचो."

आता अडलोय ते एका शब्दावर. व्याजाची ओळ: "व्याजाबद्दल कुलीन पायली पाच दरसाल." 'कुलीन' कसं पायलीने मोजणार? शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर कसरीने भोक पाडलंय. फोटो जोडलाय. बोरूबहाद्दर, बघता का?

---

बोरूबहाद्दर | ९ सप्टेंबर, रात्री १०.३८

मधलं अक्षर 'ळ' आहे, 'ल' नाही. शेवटच्या भोकाच्या खाली गाठ दिसतेय ना, ती 'थ'ची. कुळीथ. व्याजाबद्दल कुळीथ, पायली पाच.

---

खर्डेघाशा | ९ सप्टेंबर, रात्री १०.५२

हाहाहा! आत्याला आत्ताच फोन केला, झोपली होती. म्हणाली, "तरीच आपल्या घरात पिठलं कधी घट्ट व्हायचं नाही. सगळे कुळीथ तिकडे जात होते." आणि फोन ठेवता ठेवता विचारलंन, दुसरा कागद कधी काढतोस.

---

चकलीचा_सोऱ्या | ९ सप्टेंबर, रात्री १०.५५

परवा ११ तारीख आहे. आठवण करून देतोय फक्त.